हवेचा खटका

४ फेब्रुवारी

घुम्या,

हे पत्र वरच्या मजल्यावरच्या टंकलेखकबाई लिहून घेताहेत. बत्तीस वर्षं साहेबांची पत्रं लिहिली त्यांनी, त्यामुळे मी काही बोलले की आधी त्याला इस्त्री करतात आणि मगच कागदावर घेतात. मी बजावलंय, वाकडं बोलले तर वाकडंच लिहा. माझा मुलगा सरळ भाषा आईची म्हणून ओळखायचा नाही.

तुझा पत्ता तुझ्या वेल्डर मित्राने दिला. तोंड उघडायला त्याने तीन कप चहा घेतले. तू म्हणे बटाट्यांच्या शीतगृहात कॉम्प्रेसर दुरुस्त करतोस. कमीपणा काही नाही त्यात. निदान बटाट्यांशी तरी बोलतोस का, एवढंच कळव.

बारा दिवस झाले तू जाऊन. हत्यारांची पेटी पलंगाखाली ढकललीस, म्हणजे विमानांचं काम कायमचं सोडलं असं आम्ही समजायचं. वीस वर्षांचं काम, आणि ते सोडल्याचं पलंगाला सांगितलंस, आईला नाही.

त्या दिवशी वर काय झालं, ते तू माझ्या तोंडून कधी ऐकलंच नाहीस. मी सुरुवात केली की उठून जायचास. पत्राला पाठ दाखवलीस तरी ते टेबलावर थांबतं. बाईंनाही यातलं काही ठाऊक नाही, म्हणून पहिल्यापासून सांगते.

नऊ जानेवारी. मालकांचं सहा आसनांचं, एका पंख्याचं विमान तुझ्या हँगरमधून वर्षाची तपासणी होऊन निघणार होतं. माझी नात, तुझी भाची भिंगरी, ते चालवत मालकांकडे पोचवणार होती. वाटेत तिच्या आईचं गाव. विमान रिकामंच जायचं, म्हणून मालक म्हणाले, आजींना लेकीकडे सोडा. तपासणी तू केलीस, सही तू केलीस, चालवणार ती, बसणार मी. जसं काही घरचंच विमान. सकाळचं विशेष सांगण्यासारखं काही नाही. मी तुझा डबा घेऊन हँगरमध्ये आले, बाहेर वारा होता म्हणून तू मला विमानात बसवलंस, बस्स.

निघण्याआधी भिंगरीने मला मास्क दाखवला. खुर्चीच्या बाजूच्या कप्प्यातून काढायचा, नळीचं टोक भोकात खुपसायचं, तोंडावर धरायचा. नळीत हिरवा ठिपका दिसला म्हणजे हवा येतेय. आणि आधी स्वतःला, मग दुसऱ्याला. मी म्हटलं, ही कुठली रीत, मी जन्मभर सगळ्यांना वाढून मग बसले. ती म्हणाली, वर गेल्यावर विमानाची रीत, खाली आल्यावर तुझी.

बाई विचारताहेत, एवढ्याशा विमानात हवा टिकते कशी. तू मला एकदा समजावलं होतंस तेच मी त्यांना सांगितलं. वर हवा विरळ. विमान बाहेरची हवा आत कोंबत राहतं आणि एका झडपेतून बेताने सोडत राहतं. झडप सताड उघडी राहिली तर कितीही कोंबा, गळक्या बादलीत पाणी भरल्यासारखं. माणसाला पत्ता लागत नाही, कारण श्वास तर चालूच असतो. फक्त त्यात जीव नसतो.

तर वर गेलो. थोड्या वेळाने समोर लाल दिवा लागला आणि टूं टूं वाजायला लागलं. भिंगरीने बटण दाबून त्याला गप्प केलं. म्हणाली, मामाने नवीन काम केलंय, दिव्याला अजून सवय व्हायचीय. मी मान डोलावली. विमान आपलंआपण चढत होतं, यंत्राच्या स्वाधीन.

मग माझे गुडघे दुखायचे थांबले. अठरा वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, आकाश मानवलं आपल्याला. भिंगरीही खुशीत. मी म्हटलं, तू केस वाढव. ती म्हणाली, हो आजी. मी म्हटलं, तुझा तो बुटांचा जोड टाकून दे. हो आजी. मी म्हटलं, लग्नाचं बघू या का. हो आजी, बघू या की. आणि हसायला लागली.

घुम्या, ही मुलगी जन्मापासून माझ्याशी एकदाही सहमत झालेली नाही. पहिल्या 'हो'ला मला बरं वाटलं, दुसऱ्याला नवल, तिसऱ्याला मी तिच्याकडे वळले. मी तिचे हात पाहिले. नखं शाईत बुडवल्यासारखी. मग माझी पाहिली. तीच शाई.

मला अक्षर येत नाही, पण नखं वाचता येतात. तुझ्या वडिलांची शेवटची दोन वर्षं नाकात नळी घालून गेली. नळी सरकली की ते असेच आनंदात असायचे, मला राणीसाहेब म्हणायचे. राणीसाहेब म्हटलं की मी आधी नखं बघायची आणि मग नळी.

मास्क काढताना हात माझे नव्हतेच. टोक भोकात जाईना. सुईत दोरा ओवताना धरते तसा श्वास धरणार होते, मग आठवलं, धरायला आहेच कुठे. एकदाचं गेलं. आधी स्वतःला, ती म्हणाली होती, म्हणून स्वतःला. हिरवा ठिपका दिसला. चार श्वास घेतले आणि गुडघे दुखायला लागले. गुडघ्यांनी एवढा आनंद मला कधी दिला नव्हता.

मग तिला. ती मास्क झटकून टाकत होती, हसत होती, रेडिओवरच्या माणसाला चुकीचा आकडा दुसऱ्यांदा सांगत होती. मी तिच्या थोबाडीत मारली. तिच्या आयुष्यातली माझ्या हातची पहिली. ती चकित होऊन थांबली, तेवढ्यात मास्क बसवला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला. मी मोजत होते. अकराव्या श्वासाला तिचे डोळे तिचे झाले.

तिने मास्कचे पट्टे स्वतः घट्ट केले, समोरची मूठ मागे ओढली, विमानाचं नाक खाली घातलं. मग रेडिओवर शांत आवाजात सांगितलं: आतली हवा गेली, संकट आहे, दहा हजार फुटांवर उतरते आहे, वाट मोकळी करा. बावीस हजारांवर होतो आम्ही. माझे कान फुटतायत असं वाटलं. दहा हजारांवर तिने मास्क काढला आणि म्हणाली, "लग्नाचं काही बघायचं नाही." तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

जवळच्या धावपट्टीवर उतरलो. तिथल्या माणसाने झडप चालवणारा हवेचा खटका 'सोड'वर सापडला असं लिहून घेतलं. झडप जमिनीपासून उघडीच होती.

हे झालं वरचं. आम्ही दोघी धडधाकट आहोत. भिंगरीने केस वाढवलेले नाहीत. उत्तर पाठव.

आई

१३ फेब्रुवारी

घुम्या,

उत्तर नाही. मी टपालवाल्याला पाहून उठायचं सोडलंय, नाहीतर त्याला वाटायचं माझं त्याच्यावर लक्ष आहे.

काल चौकशी कार्यालयाचा कागद आला, तुझ्या नावाचा, या पत्त्यावर. भिंगरीने वाचून दाखवला. त्यात तुझा जबाब आहे म्हणे. एवढे मोठे लोक, एवढे प्रश्न, आणि तू एका ओळीत उरकलंस: खटक्याला फीत बांधायला विसरलो, चूक माझी.

सत्तावीस तारखेला शेवटची सुनावणी. तू हजर राहिला नाहीस तर तोच जबाब धरून तुझा परवाना रद्द, कायमचा. मग कुठल्याच हँगरमध्ये तुला पाना उचलता यायचा नाही. भिंगरी हे वाचताना मध्येच थांबली आणि पाणी प्यायली. तिला महिनाभर जमिनीवर बसवलंय, म्हणजे उडायला बंदी, लाल दिव्याचं बटण दाबलं म्हणून. ते तिने निमूट घेतलं. तुझं मात्र तिला घेता येत नाही. विमान पहिल्यांदा तूच दाखवलंस तिला, सहा वर्षांची असताना, पंख्यावरची धूळ पुसायला लावून.

मी तिला विचारलं, एका फितीने माणूस एवढा बुडतो का. तेव्हा तिने मला तुझी पद्धत नीट सांगितली. जो खटका जागेवरून हलवला त्याला लाल फीत. काम संपलं की विमानभर फिरायचं, फीत दिसेल तिथे खटका पूर्ववत करायचा, मगच फीत सोडायची. डोक्यावर भरवसा ठेवायचा नाही, फितीवर ठेवायचा. मामाच्या हाताखाली वीस वर्षांत एक खटका चुकला नव्हता, असं ती म्हणाली. त्या दिवशी दरवाज्याची नवी रबरी पट्टी चिकटवून वाळत होती, तोवर आत हवा दाटू नये म्हणून खटका उघडा ठेवला होतास. नंतर विमानभर फिरलास, एकही फीत दिसली नाही, सही केलीस.

तू ये. जबाब बदल. आठव नीट. माणूस वीस वर्षं जे करतो ते एका सकाळी करायचं विसरत नाही. हात आपलंआपण करतो ते. मी अजूनही तुझ्या वडिलांच्या बाजूला पाण्याचा तांब्या ठेवते आणि मग उचलते.

बाई विचारताहेत, तुम्हाला एवढी खात्री कशी. मी त्यांना म्हटलं, आई आहे म्हणून. ते लिहून घेण्याआधी त्या पेन वर धरून माझ्याकडे बघत राहिल्या. बत्तीस वर्षं साहेबांची पत्रं लिहिलेली बाई, कुठलं वाक्य खरं आणि कुठलं नुसतं वाक्य, हे तिला कळतं.

आज इथेच थांबते.

आई

१६ फेब्रुवारी

घुम्या,

आज अक्षर वेगळं दिसेल. लिहिणारी भिंगरी आहे. तिला मी सांगितलंय, मी बोलेन तसं लिहायचं, मध्ये प्रश्न विचारायचा नाही, आणि लिहून झाल्यावर हवं ते म्हणायचं. बाईंना हे सांगितलं असतं तर आधी परक्याला कळलं असतं आणि मग तुम्हा दोघांना. ज्यांचं नुकसान केलं त्यांना आधी कळावं.

तू फीत बांधली होतीस.

ती मी सोडली.

त्या सकाळी तू मला पुढच्या उजव्या खुर्चीत बसवलंस, पाय झाकायला तुझं जॅकेट दिलंस आणि फोन आला म्हणून बाहेर गेलास. माझ्या मांडीवर दुसरा डबा, लेकीकडे न्यायचा. त्याचं झाकण सैल, रस्त्यात दोनदा उघडलेलं. समोर एका खटक्याला वीतभर लाल फीत लोंबत होती, नवी कोरी. तिच्यावर पांढरी अक्षरं. मला अक्षरं म्हणजे काठावरची नक्षी. मला वाटलं, दुकानातून नवीन वस्तू आली की तिला बांधलेली असते तसलं काही असेल, विमान नवं करून दिलंय ना मुलाने. गाठ सोडली, डब्याला बांधली, वर दुहेरी गाठ मारली. खटक्याला हातसुद्धा लावला नाही. तो होता तिथेच राहिला, आणि तेच तर झालं.

तू परत आलास, माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलंस, मागे गेलास, पुढे आलास. डबा माझ्या मांडीवर होता. त्यावर मी पदर ओढून घेतला होता, गार वाटत होतं म्हणून. लपवायला नाही. त्या वेळी लपवायला काही आहे हे मला माहीत नव्हतं.

भिंगरीने पेन ठेवलं. बाल्कनीत गेली. बराच वेळ तिथे कपडे वाळत घालायच्या दोरीला धरून उभी होती. मी बोलावलं नाही. परत येऊन बसली आणि म्हणाली, "पुढे सांग."

त्या दिवशी पुढे गाडीने लेकीकडे पोचलो, तिने डबा उघडताना फीत वाचली. 'विचारल्याशिवाय काढू नये.' ती हसली, भावाच्या हँगरमधून काय काय उचलून आणतेस म्हणाली. मीही हसले. खटका, झडप, कशाचा कशाशी संबंध आहे हे तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. परत आल्यावर एका संध्याकाळी तू टेबलाशी बसून भिंगरीला सांगत होतास, मी फीत बांधली नसणार, बांधली असती तर दिसली असती. मी भांडी पुसत होते. पुसलेलंच ताट पुन्हा पुसलं, मग पुन्हा. तू वर बघून म्हणालास, आई, झोप जा, दमलीस.

तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पाच आठवडे नाही सांगितलं. मागच्या पत्रात तर तुझी पद्धत आत्ताच कळल्यासारखं बाईंना लिहायला लावलं. ती मला त्या संध्याकाळीच कळली होती.

का नाही सांगितलं, तेही सांगते. शिक्षेची भीती नव्हती, माझ्या वयाला कोण काय शिक्षा देणार. तुझे वडील गेल्यापासून तुम्ही सगळे माझ्याकडे चोरून बघता. गॅस बंद केला ना, नळ बंद केला ना, किल्ली कुठे ठेवलीस. एकदा हे कबूल केलं की संपलं. मग आईला एकटीला सोडू नका, आईला कशाला हात लावू देऊ नका. मी आयुष्यभर हातांवर जगले, मला दुसरं काही येत नाही. ते हात काढून घेतलेत तर मी काय, खिडकीत ठेवायची कुंडी?

आणि दुसरं, याची जास्त लाज वाटते. सगळे म्हणत होते, आजीने वाचवलं. शेजारी येत होते, खालचा शिंपी ब्लाउजची शिलाईसुद्धा घेईना. कौतुक गोड लागतं रे. वाचवणारी आजी आणि घात करणारी आजी एकच, हे माझ्याच घशाखाली उतरेना.

तुझी वीस वर्षं आणि माझं कौतुक. पाच आठवड्यांच्या कौतुकापायी मी तुझी वीस वर्षं दिली.

भिंगरी म्हणते, तिचं वाक्य घालायचं. घाल.

मामा, निघण्याआधीच्या यादीत हवेचा खटका आहे. मी तो मोठ्याने वाचला आणि 'ठीक' म्हणाले. तेव्हा आजी पट्ट्याचं बक्कल कसं लावायचं विचारत होती आणि मी बक्कलकडे बघत होते. हे मी चौकशीत सांगितलं आहे, तुला सांगितलं नव्हतं. तू समोर आलास की मला जमत नव्हतं.

झालं तिचं. आता माझं. सत्तावीसला तू ये किंवा येऊ नकोस, मी जाणार. फीत माझ्याजवळ आहे, लेकीकडून मागवून घेतलीय. आणि हे वाक्य मी भिंगरीला दोनदा लिहायला सांगते, तिने एकदा लिहिलं तर मला कळणार नाही म्हणून ती शपथ घेऊन लिहितेय:

तू विसरला नव्हतास.

तू विसरला नव्हतास.

आई

२८ फेब्रुवारी

घुम्या,

तुझं कार्ड चोवीसला मिळालं. 'पत्र वाचलं. येणार नाही.' चार शब्द. बटाट्यांना यापेक्षा जास्त मिळत असणार. पण मी तक्रार करत नाही. तुला राग आलाय, आणि तो योग्य पत्त्यावर आलाय. इतके दिवस तू तो स्वतःवर काढत होतास, ते पाहवत नव्हतं.

आज लिहायला टंकलेखकबाई आणि भिंगरी दोघी बसल्यात. एक लिहिते, दुसरी तपासते. माझ्यावर आता कुणाचा विश्वास राहिलेला नाही, आणि मला ते चालेल.

काल गेलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद, गुडघ्यांनी प्रत्येक पायरीला माझं नाव घेतलं. टेबलापलीकडे तिघे. मधले वयस्कर, डावीकडे टाय लावलेले, उजवीकडे एक तरुण बाई, तिच्यापुढे फायलींचा ढीग. मी बसायच्या आधीच फीत टेबलावर ठेवली. मधल्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि मला विचारलं, तुम्हाला वाचता येतं का. मी म्हटलं, येत असतं तर तुमची माझी भेट झाली नसती.

मग सगळं सांगितलं. टायवाल्यांना वाटलं, आई मुलाला वाचवायला आलीय, फीत काय, कुठूनही कापून आणता येते. मला ते अपेक्षित होतं. मी म्हटलं, गाठीची खूण बघा. मी दुहेरी गाठ मारते, ती लेकीला सुटली नाही, तिने कापलीय. त्या कापाशेजारी दुसरी चुरगळ आहे, ती माझ्या मुलाच्या गाठीची. तो कशी बांधतो ते त्याच्या हँगरमधल्या कुठल्याही फितीवर बघून घ्या. त्या तरुण बाईने खरंच हँगरमधून फिती मागवून घेतल्या. दोन तास बसलो. तिने शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि टायवाल्यांकडे सरकवल्या. त्यांनी दोन्हीवरून बोट फिरवलं आणि मान डोलावली.

मग जबाब लिहून काढला आणि त्या तरुण बाईने मला वाचून दाखवला. त्यात होतं, वृद्ध महिलेने अनवधानाने फीत काढली. मी म्हटलं, हे बदला. मधले म्हणाले, आजी, हे तुमच्याच भल्यासाठी आहे, अनवधान म्हणजे चुकून. मी म्हटलं, चुकून नाही. मी ती बघितली, कशाची असेल याचा विचार केला, ठरवलं आणि गाठ सोडली. विचार चुकीचा केला, पण केला. म्हातारी होती म्हणून झालं, असं लिहिलंत तर मी अंगठा देणार नाही. भिंगरी शेजारून माझा हात दाबत होती, गप्प बस म्हणून. मी दाबू दिला. त्यांनी बदललं. आता तिथे आहे, 'समजून-उमजून, परंतु न विचारता.' मग अंगठा दिला.

निकाल संध्याकाळी सांगितला. तुझा परवाना रद्द नाही. पण मोकळाही सोडलेला नाहीस, आणि त्यात ते चुकले असं मला वाटत नाही. काम अर्धवट असताना बाहेरच्या माणसाला विमानात बसवलंस, मग ती आई का असेना. आणि फिती रिळातून हव्या तेवढ्या कापून घ्यायचास, किती बांधल्या याची मोजदाद नव्हती. आता प्रत्येक फितीला आकडा, आणि सही करण्याआधी सगळ्या खुंटीवर परत. तीन महिने दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम, मग पुन्हा परीक्षा. अट एकच, तीस दिवसांच्या आत स्वतः हजर होऊन आधीचा जबाब मागे घ्यायचा. तू नाही आलास तर ती एक ओळ तशीच राहील आणि परवाना जाईल. मी माझ्याकडून सगळं केलं. तेवढी ओळ मला पुसता येत नाही.

मालकांचा फोन आला होता. विमान त्यांना परत हवंय, पण हवेची चाचणी त्यांना तुझ्याकडूनच करून घ्यायचीय. देखरेखीला ज्याला बसवायचं त्याला बसवा म्हणाले. विमान उडवणारे खूप भेटतात, चूक झाली असं लिहून देणारा मेकॅनिक भेटत नाही. मी म्हटलं, त्याने तर न केलेली लिहून दिली. ते म्हणाले, मग तर सोडूच नका.

आता पुढचं ऐक.

भिंगरीचा महिना पाच मार्चला संपतो. आठ तारखेला ती ते विमान घेऊन तुझ्या गावाबाहेरच्या धावपट्टीवर उतरेल, सकाळी साडेदहाच्या सुमारास. हवेची चाचणी झालेली नाही म्हणून दहा हजार फुटांच्या वर जायचं नाही, अशी लेखी परवानगी आहे. खालून जायचं, वेळ जास्त लागेल, हादरे बसतील. शेजारच्या खुर्चीत मी असेन. माझे हात मांडीवर, बोटं एकमेकांत अडकवलेली, असं भिंगरीशी ठरलंय. बक्कल ती लावणार आणि मी त्या वेळी एक अक्षर बोलणार नाही.

तुला घेऊन परत यायचं आहे. चार आसनं रिकामी आहेत, माझ्यापासून जितकं लांब बसायचं तितकं बस. रस्ताभर बोलू नकोस, मला तुझी सवय आहे. रागवायचं असेल तर महिनाभर रागव, वर्षभर रागव, पण इथल्या टेबलाशी बसून रागव, माझ्या हातचं जेवत. सोमवारी सकाळी त्या कार्यालयात जा, तिसरा मजला, लिफ्ट बंद आहे, आणि ती ओळ माघारी घेऊन ये.

तू विचार करत असशील, एवढं लांबलचक लिहिलं आईने, पण माफी कुठे मागितली नाही. बाईंनीही विचारलं. त्यांच्याकडे माफीचा चांगला मसुदा आहे म्हणे, साहेबांना तीनदा उपयोगी पडलेला. मी नको म्हटलं. दुसऱ्याच्या हातून लिहिलेली माफी मला चालत नाही. ती मी तोंडाने मागणार, स्वतःच्या. पण मला ती ओरडून मागायला जमायचं नाही, आणि इंजिनाचा आवाज मोठा असतो. म्हणून पंखा पुरता थांबेपर्यंत तू धावपट्टीच्या कडेला उभा राहा. मग चालत ये, अगदी जवळ.

आई